गाडीला घातलेले टाके

कुंभकोणमात त्या काळी बाईने मोटार हाकणं हा निम्म्या गावाच्या करमणुकीचा विषय होता, आणि ती बाई डॉक्टर, वर बिनलग्नाची, हा उरलेल्या निम्म्या गावाच्या. मला त्याचं काही वाटत नसे. गाडी मला चांगली चालवता येत होती, बाळंतपणं त्याहून चांगली करता येत होती, आणि दोन्ही बाबतींत खोटा विनय दाखवायला मला वेळ नव्हता.

गाडी फ्रेंच होती. फ्रेंचांनी कारैकाल सोडलं तेव्हा तिथला एक अधिकारी सामानसुमान विकून मायदेशी निघाला होता. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात मी उपयोगी पडले होते, त्या ओळखीवर ती माझ्याकडे आली. काळी, लांब नाकाची, जमिनीला लागून चालणारी. स्टिअरिंग डावीकडे, गिअरचा दांडा समोरच्या फळीतून बाहेर आलेला. पण खरी गंमत म्हणजे तिची पुढची चाकं तिला ओढून नेत. गावातल्या बाकी सगळ्या मोटारींना मागची चाकं ढकलत. ही गंमत मी भेटेल त्याला सांगत असे. मागच्या आळीतल्या मोटार मेस्त्रींना तर मी पहिल्याच दिवशी पुढचं झाकण उघडून व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि बैलगाडीचे बैलही पुढेच असतात, एवढंच म्हणाले. माझा थोडा विरस झाला, पण त्यांचं म्हणणं बिनचूक होतं.

आमचं घराणं तंजावरच्या मराठा दरबाराबरोबर खाली आलेलं. उंबरठ्याच्या आत आमचं जुनं मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आता लिहिते आहे ते मराठी मी पुढे पुण्यात नोकरीला गेल्यावर शिकले. तिथे लोक म्हणत, ही बखरीतून उठून आल्यासारखी बोलते. म्हणोत बापडे.

माझी एक मावसबहीण सुंदरपेरुमाळ कोयिलला दिली होती. कुंभकोणमहून सहा-सात मैलांवरचं गाव, शेतीवाडीचं घर, माणसंही आमच्यातलीच, मराठी बोलणारी. नवरा गरीब स्वभावाचा. घरात शब्द चाले तो सासूचा. बहिणीचं पहिलं मूल गेलं होतं. त्या वेळी पोटात दुखायला लागल्यावर सासूने चांगला दिवस पाहायचा म्हणून तिला दोन दिवस घरातच ठेवली आणि मग बैलगाडीतून माझ्याकडे आणली. मूल जन्मलं ते मेलेलंच. आता ती पुन्हा दिवसांत होती. नववा महिना लागला होता, पाय सुजून खांबासारखे झाले होते, डोकं दुखत होतं, आणि रक्तदाब मी प्रत्येक भेटीत मोजायची तो प्रत्येक भेटीत चढलेला. याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. तिला झटके येऊ शकत होते, आणि खेड्यात झटके आले तर आई आणि मूल दोघंही जाण्याची भीती होती. तिला माझ्या सहा खाटांच्या दवाखान्यात आणायची होती, आणि तेही लवकर.

सासूला मी तीनदा जाऊन समजावलं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अट घातली.

"तूं स्वतः वंडी घेऊन ये. विजयादशमीस. साडेसातास राहुकाळ लागतो, त्याच्या आधीं निघावें. वाटेंत धक्का नक्को. काळ टळला कीं मग पौर्णिमा होईपर्यंत मी पोरीस हलूं देणार नाहीं."

वंडी म्हणजे माझी मोटार, आणि पौर्णिमा म्हणजे आणखी पाच दिवस. तेवढे दिवस बहिणीपाशी नव्हते. विजयादशमी परवावर आली होती; मधे फक्त नवमी, आणि नवमीला तिच्याकडे कुणी घराबाहेर पडत नसे. सकाळची आगगाडी होती, पण त्या पायांनी स्टेशनपर्यंत चालणं आणि डब्यात चढणं मीच मना केलं होतं. भाड्याच्या मोटारी विजयादशमीला देवदर्शनासाठी आधीपासून ठरलेल्या असत. राहिली माझी गाडी. मी येते म्हणून सांगितलं आणि निघाले. माझ्या गाडीवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

नवमीला आमच्याकडे आयुधपूजा. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते देवीपुढे मांडायचं. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, शिवणारणीची कात्री, घरातली विळी आणि पाटासुद्धा. सगळ्याला गंधकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दवाखान्यात माझे कंपाउंडर ही पूजा करत. माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ, धार्मिक, आणि माझ्यावर मनातून नाराज. मी त्यांना पूजेसाठी एक नळी चिरलेला जुना स्टेथास्कोप आणि बोथट झालेल्या दोन कात्र्या दिल्या. चालती हत्यारं उकळून ठेवलेल्या डब्यात राहिली. पोटुशी बाई आली तर तिला उद्या ये म्हणून सांगता येत नाही, असं मी त्यांना सुनावलं. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि अजूनही फारसं वाटत नाही.

गाडीलाही पूजा होती. सकाळी कंपाउंडरांनी तिला आंघोळ घातली, दिव्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि दोन्ही बाजूंना केळीचा एकेक खुंट उभा केला. वरून त्यांनी ते बांधले, पण खालची टोकं लोंबत राहिली. खाली कुठे बांधू, असं त्यांनी मला विचारलं. मोटार अड्ड्यावरचे सगळे ड्रायव्हर आयुधपूजेला केळीचा बुंधा पुढच्या आसाला बांधतात. मी हे लहानपणापासून पाहत आले होते. मी त्यांच्या हातातली काथ्याची दोरी घेतली, लुगडं खोचलं, खाली वाकले आणि बंपरच्या मागे जो लोखंडी दांडा दिसला त्याला बुंधा करकचून बांधला. दोन्ही बाजूंना. गाठही चांगली मारली.

बाकीच्या मोटारींचा पुढचा आस स्थिर असतो, चाकं तेवढी त्यावर फिरतात. माझ्या गाडीत तो दांडाच फिरतो. पुढची चाकं ओढतात ती त्याच्याच जोरावर. हे गावभर सांगत कोण हिंडत होतं? मीच. आणि दोरी कुणी बांधली? तीही मीच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर बैल मी स्वतःच्या हाताने बांधून ठेवला होता.

चाकांखाली लिंबं ठेवली, आरती झाली, आणि रिवाजाप्रमाणे मी लिंबं चिरडत गाडी बाहेर काढली. कावेरीच्या घाटापर्यंत एक फेरी मारून परत यायचं. पहिल्याच वळणाला डावीकडचा केळीचा खुंट आडवा झाला आणि खालून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, पानं फाटली. मी तशीच पुढे गेले. घाटाजवळच्या वाळूतून गाडी वळवली, ओळखीच्या दोघींना हात केला आणि परत निघाले. येताना प्रत्येक वळणाला डाव्या चाकातून कटकट कटकट ऐकू यायला लागलं. दवाखान्याच्या दारात उतरून पाहिलं तर चाकाची आतली बाजू काळ्या ग्रीसने माखलेली, आणि दोरी दांड्यावर गुंडाळत जाऊन तिने चामडं ओरबाडून काढलेलं.

ते चामडं म्हणजे काय ते सांगते. इंजिनाकडून दांडा चाकाकडे जातो. चाकाला वळावं लागतं, म्हणून दांड्याला चाकाजवळ सांधा असतो. त्या सांध्यावर चामड्याची पिशवी चढवलेली असते आणि आत ग्रीस भरलेलं असतं. मेस्त्री तिला बूट म्हणत. माणसाच्या गुडघ्यालाही अशीच पिशवी असते, आणि ती फाटली की काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या गाडीच्या सांध्यातलं वंगण रस्त्यावर सांडलं होतं आणि त्याच्या जागी कावेरीची वाळू गेली होती. बहिणीच्या गावाच्या वाटेवर, तिरुवलंचुळीच्या अलीकडे कालव्याचं पाणी चार दिवसांपासून रस्त्यावरून वाहत होतं, वीतभर खोल आणि गढूळ. उद्या तेही आत जाणार होतं.

मी सरळ मेस्त्रींच्या शेडकडे चालत गेले. शेडला केळीचे खांब, मधे चौरंगावर झाडून सगळे पाने, पक्कड, हातोडे, जॅक, ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर कुंकवाचं बोट. मेस्त्री नवीन वेष्टी नेसून, कपाळभर विभूती लावून बाकावर बसले होते. मी काय झालं ते सांगितलं. ते लगेच उठले, माझ्याबरोबर आले, नवी वेष्टी सावरत खाली वाकून पाहिलं. सांधा तुटलेला नाही, म्हणाले. धुऊन, ग्रीस भरून, बूट चढवला तर गाडी मद्रासपर्यंत जाईल. तशीच नेली तर सुंदरपेरुमाळ कोयिलला जाईलही, पण वाळू आणि चिखल घेऊन परत येताना एखाद्या वळणावर अडकणार नाही, असं आपण सांगू शकत नाही. आत अवघडलेली बाई असेल तर मी असं नेणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं.

मग करा दुरुस्त, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. हत्यारं पूजेला बसली आहेत. उद्या राहुकाळ संपला की नऊ वाजता दुसरी पूजा, मग पहिलं काम तुमचं.

नऊ वाजता मला काय उपयोग? माझा पारा चढला. रस्त्यात उभं राहून मी त्यांना हवं ते बोलले. देवीला पाने काय करायचे आहेत, असंही म्हणाले. शेवटी मी विचारलं, उद्या माझ्या दारात बाई तडफडत आली तर मी तिला सांगू का, की माझी हत्यारं पूजेला बसली आहेत? ते शांतच होते. त्यांनी विचारलं, तुम्ही पूजेला काय ठेवलंत? मी खोटं बोलत नाही, निदान तेव्हा बोलत नसे. सांगितलं, चिरलेला स्टेथास्कोप.

"तुम्ही मोडकं ठेवलंत, डॉक्टरम्मा," ते म्हणाले. "मी चालतं ठेवलं आहे."

राग होता, तो तसाच होता, पण त्या माणसाला आता आणखी काही म्हणण्याची सोय उरली नव्हती. तेच पुढे म्हणाले, की हत्यारं बसली आहेत, पण माझे डोळे बसलेले नाहीत आणि तोंडही नाही. तुमची चालती हत्यारं डब्यात आहेत ना? मग तुम्ही करा, मी सांगतो. आणि ग्रीसचा डबा काही हत्यार नव्हे, तो मी पाठवतो.

दवाखान्याच्या मागे नव्या खोलीचं बांधकाम काढलं होतं. चुना भिजवायला खणलेला हौद कोरडा पडला होता, कमरेइतका खोल आणि गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा अरुंद. आम्ही ढकलत गाडी त्याच्यावर आणली, म्हणजे जॅकचा प्रश्न मिटला. मी जुनं लुगडं नेसून हौदात उतरले. कंपाउंडर स्टिअरिंगवर बसले. त्यांना गाडी येत नव्हती, पण सांगेन तसं चक्र फिरवायला गाडी यावी लागत नाही. मेस्त्री हौदाच्या काठावर उकिडवे बसले, दोन्ही हात पाठीमागे बांधून. चुकून एखाद्या गोष्टीला हात लागेल अशी त्यांना धास्ती होती.

उजवीकडची दोरी वाटेतच तुटली होती, तिकडचं चामडं शाबूत होतं; डावीकडची आधी कापून काढली. मग सांधा धुवायचा. त्यासाठी एनिमाची मोठी पितळी पिचकारी आणली, तिच्यात घासलेट भरलं आणि सांध्यात मारलं. वाळू, ग्रीस, केळीच्या साली, सगळं माझ्या मनगटावरून खाली. अकरा पिचकाऱ्या झाल्यावर घासलेट स्वच्छ यायला लागलं. मेस्त्रींनी विचारलं, ही पिचकारी पुन्हा माणसांना वापरणार का? मी म्हटलं, तुम्ही आजारी पडून पाहा. ते पहिल्यांदा हसले.

जुना बूट शिवण्यासारखा राहिला नव्हता. चांभाराची आरी आणि रापी पूजेलाच असणार, तेव्हा तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. मऊ, पातळ, मजबूत चामडं घरात एकच होतं, माझ्या बॅगेचं. ती मी मद्रासला परीक्षा पास झाल्यावर घेतली होती आणि तिच्याशिवाय मी कुठे जात नसे. कंपाउंडर नको नको म्हणत असताना मी तिची एक बाजू कापली. वाईट वाटलं, नाही असं नाही. मेस्त्रींच्या सांगण्यावरून ते चामडं एरंडेलात बुडवून ठेवलं. एरंडेल माझ्याकडे बाटल्यांनी होतं.

सांध्यात बोटांनी ग्रीस भरलं. चामडं सांध्याभोवती गुंडाळलं. दांडा न काढता ते जागेवरच शिवायचं होतं, आणि तिथेच मला मौज वाटायला लागली. चांभाराची सरळ सुई तिथे शिरलीच नसती. माझ्याकडे कातडीला टाके घालायच्या वाकड्या, तीन धारांच्या सुया होत्या, आणि मेण लावलेलं काळं रेशीम. दोन सुया मोडल्या, तिसरी चालली. चामडं चिवट होतं, पण प्रसूतीनंतरचे टाके मी त्याहून अवघड जागी, त्याहून कमी उजेडात घातले होते. मेस्त्री वरून एकदा म्हणाले, सैल ठेवा. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. सैल टाका म्हणजे वाईट टाका, हे मला शिकवलेलं होतं. बावीस टाके घातले, घट्ट, सारख्या अंतरावर. दोन्ही टोकांना दोरा गुंडाळून बांधला. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी कंपाउंडरांना खाली येऊन पाहायला सांगितलं.

मेस्त्रींनी काही कौतुक केलं नाही. चक्र पूर्ण फिरवा, म्हणाले. कंपाउंडरांनी वर जाऊन चक्र डावीकडे फिरवलं, चाक वळलं, चामडं एका बाजूने ताणलं गेलं आणि माझे नऊ टाके एकामागून एक तटातट सुटले.

मी मेस्त्रींकडे पाहिलंच नाही. तेच बोलले, आणि नशीब, हसले नाहीत. माणसाची कातडी टाका घातला की गप्प पडून राहते आणि दोन्ही कडा जुळून येतात, म्हणाले. हे जुळून येणार नाही. याला रोज वळायचं आहे. त्याला वळायला जागा ठेवून शिवा.

मग मी बॅगेची दुसरी बाजू कापली. आता मोठा तुकडा घेतला, चाक पूर्ण वळवून ठेवायला सांगितलं आणि त्या ताणलेल्या बाजूचं माप धरून, मधे चुण्या घालून शिवायला बसले. या वेळी ते सांगतील तसं केलं. कुठे चुणी खोल घ्यायची, कुठे टोक बांधायच्या आधी चामडं थोडं आत दुमडायचं, सगळं. शिकवण्याची त्यांची रीत चांगली होती. चूक होण्याआधी एकदा सांगायचं आणि झाल्यावर गप्प बसायचं. तीन वाजले तेव्हा चाक इकडून तिकडे पूर्ण वळत होतं, गाडी हातभर पुढेमागे ढकलूनही पाहिली, आणि एकही टाका हलला नाही. दिसायला तो बूट वेडावाकडा होता. मी हौदातून बाहेर आले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि पोटात सकाळपासून अन्न नव्हतं.

जाताना मेस्त्रींनी एवढंच सांगितलं, की पाण्यातून पलीकडे गेल्यावर थांबा आणि सांध्याला हात लावून पाहा. हात ठेवता आला तर बिनधास्त जा.

विजयादशमीला सकाळी सहाला मी निघाले. वळणावर कान देऊन ऐकत होते. इंजिनाशिवाय आवाज नव्हता. तिरुवलंचुळीच्या अलीकडचं पाणी सावकाश ओलांडलं, पलीकडे थांबले, रस्त्यावर गुडघे टेकून हात घातला. सांधा कोमट होता. टाके होते तसे होते. रस्त्याने जाणारा एक शेतकरी थांबून पाहत होता. त्याला मी काही सांगितलं नाही, पण मला इतका आनंद झाला होता की सांगावंसं वाटत होतं.

सुंदरपेरुमाळ कोयिलला सात वाजायला दहा मिनिटं होती. बहीण ओसरीवर तयार बसली होती. चेहरा सुजलेला. मला पाहून ती हसली, आणि अक्का, तुझ्या हातात एक बांगडी आहे की दोन, असं तिने विचारलं. माझ्या हातात एकच होती. डोळ्यांपर्यंत आलं होतं म्हणजे आता वेळ थोडाच होता. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सासूने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, सुनेला मागे आडवी निजवली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःही बसली. तिला बोलावलं नव्हतं. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही गाव सोडलं. परतीच्या वाटेवर मी कधी चालवली नसेल तशी गाडी चालवली, आणि गाडीनेही मला साथ दिली. सासू एकदाच बोलली. "बेस चालते," एवढंच.

दुपारी बाराच्या सुमाराला बहिणीला झटका आला. मी तिच्या खाटेशीच उभी होते. दातांमध्ये पट्टी घातली, इंजेक्शनं दिली, खिडक्यांना काळी चादर लावली. एका तासाने आणखी एक झटका आला, पहिल्यापेक्षा लहान. मग नाही आला. हे त्या घरात झालं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं आणि दाराशी बसलेल्या सासूलाही हळूहळू कळत होतं. तिने सगळं पाहिलं होतं. तिला बाहेर जा म्हणून मी दोनदा सांगितलं, ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. छोटीशी, पाच पौंडांना थोडी कमी, पण रडली ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. बहीण थकून झोपली. तिचा रक्तदाब उतरायला लागला होता. मी बाळाला पुसून, गुंडाळून बाहेर आणलं.

सासू भिंतीला टेकून बसली होती. रात्रभर काही खाल्लं नव्हतं. मी बाळ तिच्यापुढे धरलं, तिने घेतलं नाही.

"मज एक सांग," ती म्हणाली. "तें पहिलें पोर मींच मारलें काय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दोन वर्षांपासून तयार होतं. कितीतरी वेळा एकटी गाडी चालवताना मी ते तिला ऐकवलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तुम्ही दोन दिवस बसून राहिलात म्हणून ते गेलं. ते खरं होतं. डॉक्टर म्हणून मी कुणापुढेही ते सिद्ध करून दाखवलं असतं.

"नाहीं," मी आमच्या घरच्या बोलीत म्हटलं. "तें आधींच गेलें होतें. तुम्ही त्याच दिवशीं आणलें असतें तरी मज कांहीं करतां आलें नसतें."

आवाज माझा नेहमीसारखाच ठाम होता. तिने पदराने डोळे पुसले. दोन्ही डोळे, सावकाश.

"खोटें बेस बोलतेस," ती म्हणाली, आणि बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.